समुद्रकाठच्या बोर्डवॉकवर जाताय? आधी फळ्यांखाली काय आहे ते बघा

समुद्रकाठी फिरायला जायचं ठरलं की आपण सगळे एकच करतो, फोनवर सुंदर बोर्डवॉकच्या याद्या शोधत बसतो, आणि त्या याद्यांत मावळत्या उन्हातले फोटो असतात, लांबी असते, पार्किंग आहे की नाही ते असतं, पण हा फळ्यांचा रस्ता नेमका कशावरून जातो आणि तिथे किती वाजता पोचायचं हे कुणीच लिहीत नाही. मग माणूस भर भरतीला खारफुटीत जातो, दोन्ही बाजूंना नुसतं गढूळ पाणी बघतो, चार डास मारतो आणि "काही विशेष नाही हो" म्हणत परत येतो. तीच जागा पाच-सहा तासांनी बघितली असती तर फळ्यांखाली शेकडो खेकडे आणि चिखलात उड्या मारणारे मासे दिसले असते.

त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं की बोर्डवॉक लांबीवरून निवडूच नका. खाली चिखल आहे, वाळू आहे, दलदल आहे की पक्ष्यांची वस्ती आहे ते बघा. जायची वेळ, चालायची पद्धत, बघायचं काय, सगळं त्यावरून ठरतं.

गंमत म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध बोर्डवॉक निसर्ग वाचवायला बांधलाच नव्हता. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या अटलांटिक सिटीत १८७० साली तो झाला आणि कारण एकदम घरगुती होतं, किनाऱ्यावरून येणारे लोक बुटांतून वाळू घेऊन यायचे आणि ती हॉटेलांच्या गालिच्यांवर नि रेल्वेच्या डब्यांत सांडायची. अलेक्झांडर बोर्डमन नावाचा रेल्वे कंडक्टर आणि जेकब कीम नावाचा हॉटेलवाला यांनी ती कल्पना काढली, वाळूवर फळ्या टाकल्या आणि सुरुवातीला तर हिवाळा आला की त्या उचलून ठेवायचे. म्हणजे तिथे माणसाला वाळूपासून वाचवायचं होतं. आता आपण निसर्गात जे बोर्डवॉक बघतो त्यांचं काम बरोबर उलटं आहे, वाळूला, चिखलाला, मुळांना माणसाच्या पायापासून वाचवायचं. दोन्हीला नाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून यादी वाचताना आधी हे तपासा की हा दुकानं नि रोषणाईवाला फिरायचा रस्ता आहे की जंगलातली वाट. पहिल्या प्रकारात माझ्यासारख्याला सांगण्यासारखं फारसं काही नाही, जा, बसा, वारा खा. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र बोलू.

चिखलावरचे बोर्डवॉक, म्हणजे खारफुटी

खारफुटीतला चिखल म्हणजे नुसती ओली माती नव्हे. तो इतका बारीक आणि गच्च असतो की वरच्या थोड्या थराखाली हवा जातच नाही, तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू काम करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. बरेच लोक नाक दाबून म्हणतात की इथे घाण सोडलीये, कधी कधी सोडलेलीही असते म्हणा, पण धडधाकट खारफुटीलाही थोडा हा वास असतोच.

आता अशा चिखलात झाडाच्या मुळांनी श्वास कुठून घ्यायचा? तिवरासारखी झाडं आडव्या मुळांतून बोटभर उंचीचे कोंब सरळ वर काढतात, ओहोटीला बोर्डवॉकवरून खाली बघितलं की हजारो खुंट्या रोवल्यासारखे दिसतात ते हेच. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात, पाणी उतरलं की त्यातून हवा आत जाते. कांदळाची पद्धत वेगळी, तो खोडातून कमानी काढून स्वतःला चिखलाच्या वर उचलून धरतो. या खुंट्यांवरून रोज शे-दोनशे माणसं चालली तर त्या मोडणार, चिखल दाबून अजून गच्च होणार आणि झाड हळूहळू गुदमरणार, आणि गंमत अशी की ते लगेच मरत नाही त्यामुळे आपल्यामुळे मेलं हे कुणाला कळतही नाही. बोर्डवॉक लागतो तो यासाठी. आपले बूट खराब होऊ नयेत हा बोनस.

सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटावरच्या चेक जावाची गोष्ट यात फार बोलकी आहे. तिथे भराव टाकून जमीन करायचं ठरलं होतं, त्याआधी लोकांना कळलं की ओहोटीला इथे काय काय उघडं पडतं, खारफुटी, समुद्री गवत, वाळूचा पट्टा, प्रवाळाचे तुकडे, सगळं एकाच ठिकाणी, आणि मग लोकांची रीघ लागली. २००१ च्या अखेरीस भरावाचं काम पुढे ढकललं गेलं. जागा वाचली, पण आता प्रश्न होता तो बघायला येणाऱ्या पायांचा, कारण ज्या प्रेमाने लोक आले त्याच प्रेमाने सगळं तुडवत होते. २००७ मध्ये तिथे साधारण एक किलोमीटरचा बोर्डवॉक उघडला, त्याचा एक फेरा खारफुटीतून जातो आणि एक समुद्राच्या कडेने. आणि तिथली सूचनाच अशी असते की पाण्याची पातळी ०.५ मीटर किंवा त्याहून कमी असेल तेव्हा या. पर्यटकाला एवढं स्पष्ट सांगणारी ठिकाणं कमी. बाकी ठिकाणी हा हिशोब आपला आपण करायचा, तो कसा ते सांगतो.

भरती-ओहोटीचं साधं गणित असं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तेवढ्यात चंद्रही थोडा पुढे सरकतो, त्यामुळे तीच जागा परत चंद्रासमोर यायला २४ तास नाही तर साधारण २४ तास ५० मिनिटं लागतात. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर या वेळात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, म्हणजे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आत-बाहेर. आणि रोज सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जातं, त्यामुळे "मागच्या रविवारी सकाळी आठला मस्त ओहोटी होती" याचा या रविवारी काही उपयोग नाही, बहुधा आता त्याच वेळी पाणी चढलेलं असेल. सगळीकडे दोनदाच असं मात्र धरू नका, मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच किनाऱ्यावर दिवसातून एकच भरती येते.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात, तेव्हा भांग, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. चिखलातले जीव बघायचे तर उधाणाचे दिवस धरायचे आणि त्यातली ओहोटी. उधाणाचा सगळ्यात जोर अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशीच नसून पुष्कळदा एक-दोन दिवसांनी असतो, हे कॅलेंडर बघून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

अजून एक गोष्ट, पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. खलाशी लोक बाराव्या हिश्शाचा नियम वापरतात, पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात परत तीन, मग दोन, मग एक. समजा ओहोटी आणि भरतीत ३.६ मीटरचा फरक आहे, तर पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटर चढलं, तुम्ही म्हणणार अजून खूप वेळ आहे, आणि तिसऱ्या तासात तेच पाणी ९० सेंटिमीटर चढतं, चौथ्यातही ९०. लोक अडकतात ते याच मधल्या दोन तासांत. बोर्डवॉकवर असाल तर पाय ओले होण्यापलीकडे काही नाही, पण बोर्डवॉक संपून पुढे उघड्या चिखलात किंवा खडकांवर उतरायचं असेल तर हे गणित पाठच करा.

टाईड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा आणि पातळ्यांचा तक्ता, वाचताना आणखी दोन-तीन खोचा आहेत. त्यातलं शून्य म्हणजे "पाणी नाही" असं नव्हे, तो मोजायचा एक ठरवलेला खालचा टप्पा असतो आणि कधी कधी आकडा उणेही येतो, तो दिसला तर सुट्टी टाका. टेबल बंदराचं असतं, तुम्ही खाडीच्या आत असाल तर पाणी तिथे उशिरा पोचतं आणि उशिरा उतरतं. आणि हवामानाचा हात वेगळाच, हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, त्यात वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल तर टेबलपेक्षा बरंच जास्त पाणी दिसू शकतं.

बरं, वेळ साधली, पोचलात, आता काय करायचं? तर थांबायचं. हे सगळ्यात अवघड जातं लोकांना. फळ्यांवर पावलं वाजली की कंप खांबातून चिखलात जातो आणि खालचं सगळं बिळात गायब होतं, म्हणजे चालत राहिलात तर तुम्ही कायम रिकामा चिखलच बघणार. कठड्यापाशी उभं राहा, सावली चिखलावर पडणार नाही असं बघा, आणि पाच मिनिटं हलू नका. आधी बिळाच्या तोंडाशी दोन डोळे येतात, काड्यांवर लावलेले. मग फिडलर खेकडा अर्धा बाहेर, परत आत, परत बाहेर. नराचा एक चिमटा अंगाएवढा मोठा आणि दुसरा एवढासा, मोठ्याने खाता येत नाही त्यामुळे बिचारा लहान चिमट्याने चिखल तोंडात भरत राहतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवतो आणि उरलेल्या मातीची बारीक गोळी करून बाजूला टाकतो. बिळाभोवती त्या गोळ्यांची रांगोळी पडलेली असते. मोठा चिमटा तो वर-खाली हलवत असतो तो माद्यांना बोलवायला आणि शेजाऱ्याला दम द्यायला. आणि जरा पाण्याच्या कडेला बघितलंत तर निवटी दिसेल, तो मडस्किपर मासा, पुढच्या परांवर रेटा देत चिखलात सरपटणारा. तो कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून आणतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून मधूनच एका कुशीवर लोळून अंग ओलं करतो, आणि डोळे ओले ठेवायला ते आत ओढून घेतो, दिसायला अगदी डोळा मिचकावल्यासारखं.

भरतीला बघण्यासारखं काहीच नाही असं नाही हं. अबू धाबीजवळच्या जुबैल मँग्रोव्ह पार्कात आखाताच्या कडेने तिवरांतून बोर्डवॉक नेलाय, तिथे निसर्गतः तिवराचीच एक जात आहे, आणि पाणी भरलं की फळ्यांखालून छोटे मासे मुळांत शिरताना स्वच्छ दिसतात. अशा ठिकाणी पानाची खालची बाजू बघा, न तोडता, मिठाचे कण चमकतात. जास्तीचं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं.

पक्षी बघायचे तर घड्याळ उलटं लावा

खेकड्यांना ओहोटी लागते, पण किनाऱ्यावरचे पक्षी बघायला ऐन ओहोटीला गेलात तर ते अर्ध्या किलोमीटरवर चिखलाच्या टोकाला ठिपक्यांसारखे दिसतील. भरती चढायला लागली की पाणी त्यांना पुढे पुढे ढकलत तुमच्याकडे आणतं, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-एक तास सगळ्यात भारी. हाँगकाँगच्या माई पो मध्ये खारफुटीतून तरंगता बोर्डवॉक आहे, तो चिखलाच्या कडेला पक्षी बघायच्या आडोशांपर्यंत नेतो, आणि तरंगता असल्यामुळे भरतीबरोबर वर उचलला जातो. तिथे परवाना लागतो, उगाच उठून जाता येत नाही, आणि ते बरंच आहे.

कारण हे पक्षी तिथे सहलीला आलेले नसतात. २०२२ मध्ये उपग्रहाचा टॅग लावलेला एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता उडाला, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये खाणं नाही पिणं नाही. अशी उडी मारायची तर आधी चिखलात चोच खुपसून चरबी साठवावी लागते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी फोटोसाठी टाळी वाजवून थवा उडवला की त्यातली थोडी जळते. (टाळी वाजवणारे लोक असतात, खरंच असतात.)

पेंग्विनचं तर बोर्डवॉकशी नातं फारच सरळ आहे. दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाऊनजवळ बोल्डर्स इथे १९८२ मध्ये आफ्रिकन पेंग्विनच्या दोन जोड्या घर करून राहिल्या आणि पुढे त्यांची वसाहत झाली. आता फॉक्सी बीचवर बोर्डवॉकवरून बघायचं, खाली उतरायचं नाही, पेंग्विन झुडपांत, बिळांत आणि फळ्यांच्या अगदी बाजूला अंडी घालून बसलेले असतात. एखादा पेंग्विन पिसं विस्कटलेला, आजारी असल्यासारखा उभा दिसला तर तो बहुधा पिसं बदलतोय, त्या साधारण तीन आठवड्यांत अंगावरची पिसं पाणी अडवत नाहीत म्हणून तो समुद्रात जाऊ शकत नाही आणि उपाशी असतो. त्याला पळायला लावणं म्हणजे काय ते समजून घ्या. २०२४ मध्ये ही जात अतिधोक्यात असलेल्या प्रजातींत टाकली गेली.

वाळूवरचे

वाळूची टेकाडं बघून वाटतं, वाळूच तर आहे, चालल्याने काय बिघडणार. पण ती टेकाडं उभी आहेत ती गवताच्या जीवावर. युरोपच्या किनाऱ्यांवर मारम गवत, उष्ण किनाऱ्यांवर मर्यादवेलीसारख्या वेली, त्यांच्यात अडकून वारा मंदावतो, मंदावला की हातातली वाळू टाकतो, गवत त्या वाळूत गाडलं जातं आणि मारमचं वैशिष्ट्य हे की गाडलं गेल्यावरच ते जोमाने वर येतं. वर आलं की अजून वाळू अडवतं. असं करत करत टेकाड वाढतं. मिठाचा फवारा, उन्हाचा चटका, पाण्याचा दुष्काळ, सगळं हे गवत सोसतं, पण पाय सोसत नाही. एका रांगेत माणसं चालली की गवत मरतं, उघड्या वाळूत वारा शिरतो, खळगा पडतो, खळग्यात वारा अजून जोरात घुसतो आणि टेकाडाला भोकच पडतं. मग वादळात समुद्र त्याच भोकातून आत येतो.

वाळू सुटली तर काय होतं हे बघायला बाल्टिक समुद्राकाठची कुर्शियन स्पिट ही चिंचोळी पट्टी आहे. तिथलं जंगल तोडलं गेलं, वाळू मोकळी झाली आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावंच्या गावं तिच्याखाली गेली, लोकांनी गाव सोडून दुसरीकडे वसवायचं आणि वाळूने परत मागे यायचं असं चाललं होतं. पुढे कित्येक वर्षं झाडं लावून ती थांबवली. २००० मध्ये ही पट्टी जागतिक वारसा झाली. लिथुआनियाच्या बाजूला नागलियाई राखीव क्षेत्रात राखाडी टेकाडांतून फळ्यांची वाट आहे, वाट सोडायला बंदी, आणि तुम्ही चालता त्याच्या खाली कुठेतरी जुनी गावं आहेत.

असा बोर्डवॉक बघितलात तर दोन गोष्टी तपासा, मला तरी मजा येते. एक, तो समुद्राकडे सरळ जातो की वळण घेत, चांगला बांधलेला असेल तर वाकडा जाणार, कारण सरळ मोकळी फट ठेवली तर वारा त्यातूनच सुसाट येतो. दोन, तो टेकाडावर टेकलाय की खांबांवर उचललाय, उचललेला असेल तर खाली वाळू साठायला आणि गवत वाढायला जागा राहते. वाळूवर नुसत्या अंथरलेल्या फळ्यांची वाट दिसली तर समजा पैसे कमी होते, किंवा दर मोसमात ती उचलून परत टाकत असतील.

जंगल आणि दलदल

हा प्रकार लोक यादीत शेवटी ठेवतात, माझ्या मते पहिल्या तिनात हवा. न्यूयॉर्कजवळ फायर आयलंडवर सन्कन फॉरेस्ट आहे, वाळूच्या टेकाडांच्या मागे लपलेलं हॉली झाडांचं जुनं जंगल, साधारण अडीच किलोमीटरचा बोर्डवॉक. बाहेरून बघितलं तर झाडांचे शेंडे टेकाडाच्या उंचीला कापल्यासारखे सपाट दिसतात. कुणी कापलेले नाहीत, टेकाडाच्या वर डोकं काढलं की खारा वारा तो कोंब जाळतो, म्हणून झाडं उंच जायचं सोडून आडवी वाकडी वाढतात. आत शिरलात की मात्र गार अंधार, वारा एकदम बंद. भरती-ओहोटीचा इथे काही संबंध नाही, कधीही जा, फक्त गोचिडांची काळजी घ्या आणि फळ्यांवरून उतरू नका.

कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यानात शोअरपाइन बॉगची छोटी वाट आहे. दलदलीत शेवाळाच्या जाड गादीत पाणी साठून राहतं, आम्ल जास्त, पोषण कमी, त्यामुळे तिथले पाइन शेकडो वर्षांचे असूनही उंची माणसापेक्षा फार नाही. शेवाळावर उमटलेला एक पायाचा ठसा बुजायला वर्षं लागतात म्हणून इथे फळ्या. पाऊस पडत असताना जा, धुक्यात तर अजून छान, उन्हात ती जागा उगाच उजाड वाटते.

बांधलाय कसा, आणि त्यावरून घसरायचं कसं नाही

दोन फळ्यांमध्ये फट असते ती काटकसर म्हणून नाही. पाणी निथळावं, लाकूड सुकावं आणि खाली थोडा उजेड जावा यासाठी ती असते, कारण खाली खाऱ्या दलदलीचं गवत असेल आणि वर सलग छत केलं तर सावलीतच ते मरणार, मग वाचवलं काय? म्हणून अशा ठिकाणी रुंदी कमी ठेवतात आणि उंची निदान रुंदीएवढी. फट जास्तही चालत नाही, अमेरिकेच्या सुगम्यतेच्या नियमांत ती सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि फळ्या चालायच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर व्हीलचेअरचं पुढचं चाक किंवा काठी फटीत अडकते. व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन जाणार असाल तर लांबी विचारू नका, मध्ये पायऱ्या आहेत का आणि फळ्या आडव्या आहेत का ते विचारा.

बांधतानाही चिखलात यंत्र उतरवून चालत नाही. चांगल्या कामात यंत्र झालेल्या भागावर उभं राहतं, पुढचा खांब रोवतं, त्यावर फळ्या टाकतं आणि मग पुढे सरकतं. लाकडाला समुद्रात शत्रू पुष्कळ, बुरशी वेगळी, आणि पाण्याखाली शिपवर्म, नावात वर्म असलं तरी तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे आणि लाकूड आतून पोखरून चाळण करतो. म्हणून पूर्वी लाकडाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण पाजायचे, घरगुती वापरातून ते अमेरिकेत २००३ च्या अखेरीला बंद झालं. आता रिसायकल प्लॅस्टिकच्या फळ्या, फायबरग्लासची जाळी, सिमेंट असं सगळं चालतं. न्यूयॉर्कच्या रॉकअवेचा लाकडी बोर्डवॉक २०१२ च्या सँडी वादळात गेला आणि २०१७ पर्यंत तो काँक्रीटचा उभा राहिला. जुन्या लोकांना लाकडाचा आवाज आठवतो, तेही खरंच आहे, पण पुढच्या वादळात कोण टिकेल हाही प्रश्न आहे.

ओलं लाकूड निसरडं होतं ते पाण्यामुळे कमी आणि त्यावरच्या हिरव्या थरामुळे जास्त. सावलीतल्या फळ्या, उताराच्या फळ्या आणि वळणाच्या आतल्या फळ्या, हे तीन ठिकाणी पाय जपून. कडक सोलचे जाड ट्रेकिंग बूट इथे उलट घसरतात, मऊ रबराचा सोल चांगला, आणि पाऊल लांब न टाकता छोटं, सपाट टाकायचं. काही ठिकाणी फळ्यांवर तारेची जाळी ठोकलेली असते, ती असेल तर तिच्यावरूनच चाला, दिसायला कशीही असो.

हे सगळं एकत्र लागतं असा एक मोठा रस्ता म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला ओझेट, ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात. तळ्यापासून केप अलावापर्यंत जंगलातून पाचेक किलोमीटर, बराचसा बोर्डवॉक, मग तेवढंच अंतर किनाऱ्याने दक्षिणेला सँड पॉइंटपर्यंत, आणि तिथून परत जंगलातून तेवढंच, असा पंधरा-एक किलोमीटरचा त्रिकोण. जंगलाच्या दोन बाजू कधीही चालता येतात, फळ्या ओल्या असतात म्हणून वेग मात्र नेहमीपेक्षा कमी धरा. किनाऱ्याच्या बाजूला खडकांची टोकं आहेत आणि ती वळसा घालून जायला पाणी उतरलेलं लागतं. म्हणजे निघायची वेळ ओहोटीवरून मागे मोजत ठरवायची, आधी ओहोटीची वेळ घ्यायची, त्यातून जंगलातला दीड-दोन तासांचा वेळ वजा करायचा, आणि किनाऱ्याचा भाग ओहोटीच्या आधी सुरू होऊन पाणी जोरात चढायच्या आत संपेल असं बसवायचं. दिवसाउजेडी ओहोटी मिळत नसेल तर तो दिवस सोडा, जंगलातून जाऊन त्याच वाटेने परत या, तेही काही कमी नाही.

निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या साइटवर वाट चालू आहे ना ते बघा, वादळानंतर एखादा तुकडा महिनोन्‌महिने बंद असतो आणि जुन्या याद्यांत तो तसाच झळकत राहतो. तिथे पोचल्यावर "बंद" ची पाटी आणि आडवी दोरी दिसली, आणि पलीकडच्या फळ्या अगदी धड वाटल्या, तरी जाऊ नका, कारण लाटेने खालची माती नेली की खांब नुसता लोंबकळत राहतो आणि वरून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.